गैरहजर मुलीचे गाणे

हजेरी घेणे हा आम्हा मास्तरांच्या आयुष्यातला सर्वांत रुक्ष विधी. गेली वीस वर्षे मी तो नेमाने पार पाडीत आलो आहे. सकाळचा पहिला तास असतो, बाहेर सोलापूरचे ऊन आठ वाजताच आपला हिसका दाखवू लागलेले असते, डोक्यावर पंखा कुरकुरत असतो आणि मी मान खाली घालून नावे वाचीत असतो. कोणी 'हजर' म्हणतो, कोणी 'येस सर'. एखादा परोपकारी पठ्ठ्या आवाज बदलून शेजाऱ्याचीही हजेरी लावून घेतो. मधूनच एखाद्या नावानंतर काहीच ऐकू येत नाही. मी क्षणभर थांबतो, गैरहजेरीची खूण करतो आणि पुढच्या नावाकडे वळतो. त्या शांततेतही ऐकण्यासारखे काही असू शकेल, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी मनात आले नव्हते. ते आले ते यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत, हातात जळमटे काढायचा झाडू असताना!

आमच्या घरी साफसफाई मुकाट्याने होत नाही. माझ्या लहानपणी या कामाला आकाशवाणी पुरत असे. आता गाणी कोणती लावायची हे कन्या ठरवते. तिच्या मोबाइलला पेल्याएवढा एक स्पीकर जोडलेला असतो आणि त्या पेल्यातून सगळे घर हादरते. त्या दिवशी मात्र गाण्याऐवजी एकदम शाळेची घंटा वाजली. पाठोपाठ एक पुरुषी, समजूतदार आवाज एकेक नाव घेऊ लागला आणि मुले ओ देऊ लागली. नावे परकी होती, पण सूर इतका ओळखीचा की मी स्टुलावरच्या स्टुलावर सावरून उभा राहिलो. शेवटी त्या मास्तरांनी एक नाव घेतले : लॉरीन हिल. ओ नाही. पुन्हा घेतले. तरी ओ नाही. आणि लगेच ताल सुरू झाला व एक तरुण बाई तडातड बोलू लागली.

"ही कोण?" मी विचारले.

"हीच ती लॉरीन हिल, बाबा. वर्गात नाही, कारण ती इथं गातेय!"

कन्येने मग पुढली सारी गाणी लावली. कधी ती बाई छातीवर हात ठेवून गावे तशी गात होती, तर कधी शब्दांच्या लाह्या फोडीत होती. माझी आई स्वयंपाकघराच्या दाराशी बसून चिवड्याचे पोहे निवडीत होती. तिने बराच वेळ ऐकून घेतले आणि म्हणाली, "गळा गोड आहे गं या पोरीचा. पण मधेमधे भांडते का?"

वाचकहो, आईचा हा प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. गोड गळ्याने गाणे आणि मधेच भांडणे, या दोन गोष्टींचा संगम हेच त्या अल्बमचे मर्म आहे. पाश्चात्त्य संगीताच्या भाषेत त्यांना 'सोल' आणि 'हिप-हॉप' म्हणतात.

सोल म्हणजे आत्मा. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये जी भजने चालत, त्यांतून हे गाणे निघाले. १९५०च्या दशकात रे चार्ल्ससारख्या गायकांनी देवळातली चाल आणि आर्तता उचलून प्रपंचाच्या गाण्यांत घातली, आणि सोवळ्या मंडळींचा रोष ओढवून घेतला. अरेथा फ्रँकलिन ही या गाण्याची सम्राज्ञी. ती तर एका धर्मोपदेशकाची मुलगी आणि वडिलांच्या चर्चमध्येच गायला शिकलेली. हिप-हॉपचा जन्म मात्र देवळात नाही, गल्लीत झाला. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात एका इमारतीच्या दिवाणखान्यात मुलांचा जलसा झाला. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घेता यावेत म्हणून सिंडी कॅम्बेल नावाच्या मुलीने तो तिकीट लावून भरवला होता. तिचा जमैकात जन्मलेला भाऊ, कूल हर्क, तबकड्या वाजवायला बसला. गाण्यातला जो नुसता ढोल-तालाचा तुकडा असतो तोच दोन सारख्या तबकड्यांवरून फिरवून फिरवून वाजवायचा, ही युक्ती त्याची. पुढे त्या तालावर मुले यमके जुळवून बोलू लागली, एकमेकांना आव्हान देऊ लागली. त्या तालबद्ध बोलण्याचे नाव रॅप.

हे वर्णन ऐकून सोलापूरच्या माणसाला नवल वाटण्याचे कारण नाही. यमकांनी भांडणे आम्ही पाहिलेले आहे. कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर बसून सवाल-जबाब करीत, तेव्हा ज्याला आयत्या वेळी कवन सुचले नाही त्याची फजिती ठरलेली. आणि देवळातले गाणे व गल्लीतले गाणे एकाच गळ्यात नांदू शकते, याचा दाखला तर आमच्याच गावचा. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात सोलापुरात वाढलेला राम जोशी ब्राह्मणाचा मुलगा, पण ओढा तमाशाच्या फडाकडे. थोरल्या भावाने त्यापायी घराबाहेर काढले, मग पंढरपुरास जाऊन त्याने संस्कृताचे अध्ययन केले, असे सांगतात. पुढे तो मोरोपंतांच्या आर्या कीर्तनात गाऊ लागला आणि डफ-तुणतुण्यावर लावण्याही रचू लागला. त्या काळच्या शिष्टांना यातले निम्मेच पसंत होते. १९४७ साली 'लोकशाहीर राम जोशी' हा चित्रपट निघाला आणि जयराम शिलेदारांनी तो रंगवला, तेव्हा मात्र त्याच शिष्टांचे नातू सहकुटुंब तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. मास्तरकीत मुरल्यावर माणसाला एवढे तरी कळायला हवे, की आज जे भांडण वाटते ते उद्या अभ्यासक्रमाला लागते.

लॉरीन हिलच्या बाबतीत उद्यापर्यंतही थांबावे लागले नाही. न्यू जर्सीच्या साउथ ऑरेंज गावात वाढलेली ही मुलगी १९७५ सालची. 'फ्यूजीज' या तिघांच्या मेळ्यात ती गात असे. १९९६ साली त्यांचा 'द स्कोअर' हा अल्बम जगभर गाजला. नंतर तिने स्वतंत्रपणे काढलेला पहिलाच अल्बम म्हणजे 'द मिसएज्युकेशन ऑफ लॉरीन हिल'. २५ ऑगस्ट १९९८ ही त्याची तारीख. हिप-हॉप आणि सोल एकत्र करणारी ती पहिली नव्हे. मेरी जे. ब्लाइज या गायिकेने १९९२ साली आपल्या पहिल्या अल्बमात ती वाट पाडली होती, आणि लॉरीनने आपल्या अल्बमात तिला एका गाण्यासाठी सन्मानाने बोलावलेही. पण लॉरीनचे वेगळेपण असे, की गाणारी तीच आणि भांडणारीही तीच. 'डू वॉप' नावाच्या तिच्या गाण्यात आधी मुलींची कानउघाडणी आहे, मग मुलांची; आणि दोघांच्या मध्ये जुन्या वळणाचे गोड सामूहिक पालुपद. घरातली थोरली बहीण धाकट्यांना रागावते, आणि लगेच ताटात जास्तीची करंजी वाढते, त्यातला हा प्रकार.

१९९९च्या फेब्रुवारीत या अल्बमला एका रात्रीत पाच ग्रॅमी पारितोषिके मिळाली. वर्षातल्या सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान हिप-हॉपच्या वाट्याला आला तो तेव्हा पहिल्यांदा. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१५ साली राष्ट्राने जतन करावयाच्या ध्वनिमुद्रणांत त्याचा समावेश केला. २०२१ साली एकट्या अमेरिकेतला त्याचा खप एक कोटीच्या घरात गेल्याची नोंद झाली.

नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अल्बम निघाला त्याच वर्षी तिच्या सोबतच्या चौघा जणांनी, गाण्यांच्या रचनेत आमचा वाटा असून श्रेय दिले नाही, म्हणून दावा लावला. २००१ साली तो आपसांत मिटला. आमच्या लावण्यांत शेवटच्या कडव्यात शाहिराचे नाव येते. ढोलकी बडवणाऱ्याचे आणि मागे झील धरणाऱ्याचे कुठे येते? यशाच्या हजेरीपटावर काही नावे राहून जातात, हा दोष सातासमुद्रांपलीकडेही आहे. शिवाय पुढे प्रत्यक्ष मैफलीचे ध्वनिमुद्रण २००२ साली निघाले, तरी स्वतःच्या नावावर असा दुसरा अल्बम तिने केलेला नाही. कोणी याला आळस म्हणतात, कोणी हट्ट. मला मात्र एवढेच दिसते, की जे सांगायचे ते तिने तेविसाव्या वर्षी सांगून टाकले.

काय सांगायचे होते? त्याची किल्ली अल्बमच्या नावात आहे. 'मिसएज्युकेशन' म्हणजे चुकीचे शिक्षण, कुशिक्षण. कार्टर वुडसन या काळ्या इतिहासकाराने १९३३ साली याच अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले होते. त्याचा सारांश असा, की शाळा जेव्हा मुलाला फक्त दुसऱ्यांचे मोठेपण शिकवते आणि त्याच्या घरादाराला पुस्तकात जागाच ठेवत नाही, तेव्हा ते मूल स्वतःला कमी लेखायला शिकते. मग त्याला मागच्या दाराने जा म्हणून सांगावे लागत नाही. ते आपणहून तिकडे वळते. लॉरीनच्या अल्बमात गाण्यांच्या मधेमधे तो वर्ग पुन्हा ऐकू येतो. मास्तर मुलांना विचारतात, प्रेम म्हणजे काय, आणि मुले लाजत, हसत, वाद घालीत उत्तरे देतात. ते मास्तर म्हणजे रास बराका. हा कवी आणि शिक्षक पुढे २०१४ साली न्यूअर्क शहराचा महापौर झाला. वर्गात प्रेमाची चर्चा चालू आहे आणि जी मुलगी गैरहजर आहे ती बाहेर तोच धडा अनुभवाने शिकते आहे, अशी ती गंमत. गंमत म्हणायची, पण मास्तराच्या पोटात गोळा आणणारी!

कारण ते ऐकताना माझ्यासमोर एक तांबडे पान उभे राहिले. चार वर्षांपूर्वी प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. शहराच्या पूर्व भागात राहणारी, आई विड्या वळणारी. घरी तेलुगू, गल्लीत हिंदी, वर्गात मराठी अशा तीन भाषा ती एका दिवसात वापरत असे. स्नेहसंमेलनात म्हणायचे म्हणून तिने काहीतरी लिहून आणले आणि बाकावर बोटांनी ताल धरून मला म्हणून दाखवले. आईच्या मांडीवरचे सूप, पानाची कात्री, हजारांचा हिशेब, विड्या परत करणारा कारखान्याचा माणूस, असे सारे त्यात होते. तीनही भाषा एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मला ते आवडले होते, हे आज कबूल करतो. पण मी मराठीचा प्राध्यापक! 'कल्पना छान आहे' असे म्हणून मी ते पान घेतले आणि तांबड्या शाईने सुधारले. हिंदी शब्द काढले, यमके सारखी केली. जिथे जिथे 'अम्मा' होते तिथे तिथे ते खोडून वर 'आई' असे सुवाच्य अक्षरात लिहिले.

स्नेहसंमेलनात तिने नाव दिले नाही. माझ्या ते ध्यानातही आले नाही. पुढच्या सत्रात तिच्या नावानंतर शांतता येऊ लागली, आणि दुसऱ्या वर्षाच्या यादीत ते नावच नव्हते. लग्न ठरले, असे मैत्रिणी म्हणाल्या. माझ्या शाईमुळे ती गेली असे मी म्हणत नाही. तेवढे महत्त्व मी स्वतःला देऊ नये. पण एका आईचे नाव तिच्याच मुलीच्या कवितेत खोडण्याचा अधिकार मला कोणी दिला होता?

गेल्या काही वर्षांत मराठी मुले या नव्या तालावर जे करू लागली आहेत, ते पाहून तर मला अधिकच ओशाळल्यासारखे होते. मुंबईच्या 'स्वदेशी' या तरुणांच्या गटाने २०१९ साली 'द वारली रिव्होल्ट' हे गाणे काढले. त्यात आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आणि मराठी रॅप मांडीला मांडी लावून बसले आहेत. तिथे कोणी कोणाची बोली सुधारलेली नाही. आमच्या जिल्ह्यातल्या बार्शीचे शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत डफावर थाप मारीत, तेव्हा लाखांच्या सभेत कोणी व्याकरण तपासत बसले होते काय?

साफसफाई होऊन आठवडा गेला असेल. नवी पेठेत दिवाळीच्या खरेदीची झुंबड होती. पणत्यांच्या टोपलीपाशी मागून हाक आली, "सर, ओळखलं का नाही?"

तीच! कडेवर दीड-दोन वर्षांचा मुलगा, हातात पिशवी. मी उगाच मुलाचा गाल धरला, नाव विचारले. मग शिक्षणाचे विचारण्याचा धीर केला.

"बी. ए. करायलेय की सर, मुक्त विद्यापीठातनं. दुसरं वर्ष."

"आणि लिहितेस का काही?"

"लिहिते की. हा झोपल्यावर, फोनमधी."

मला त्या अल्बमातले एक गाणे आठवले. ते लॉरीनने आपल्या पहिल्या मुलासाठी, झायनसाठी केले आहे. हा मुलगा १९९७ सालचा. तेव्हा ती बावीस वर्षांची, कीर्तीच्या ऐन उंबरठ्यावर. आणि आता मूल नको, गाण्याकडे बघ, असा सल्ला देणारे भोवती पुष्कळ. तिने मूलही ठेवले आणि गाणेही. त्या गाण्यात कार्लोस सांतानाची गिटार तिच्या आवाजाभोवती अशी फिरते, की जणू पाळण्याची दोरीच कोणी हलवीत आहे. सल्ला देणारे शहाणे होते, हितचिंतकही असतील. पण मुलगी काय करू शकेल याचा त्यांचा अंदाज चुकला. अंदाज चुकणाऱ्या हितचिंतकांत माझाही नंबर होताच.

"ते तुझं पान..." मी चाचरत म्हणालो, "त्यात मी 'अम्मा' खोडलं होतं. ते चुकलं माझं."

ती हसली. "ते तेव्हाच परत लिहिलं की सर, घरी जाऊन. तुमच्या 'आई'च्या वर."

मग तिने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतले आणि म्हणाली, "घरी या की एकदा. अम्मा पण विचारती तुमचं. म्हणून दाखवते सगळं."

त्या रात्री जेवताना मी हे सारे घरात सांगितले. कन्या गप्प होती. तिने फक्त माझ्या पानात भात वाढला, आणि तो तिच्या परीने अभिप्राय होता. आईच्या मनात मात्र अजून ती रेकॉर्डच घोळत होती. तिने विचारले, "मग त्या पहिल्या पोरीचं काय झालं रे? ती घंटा वाजते ती. आली का शेवटी वर्गात?"

मी आठवून पाहिले. अल्बम संपेपर्यंत ती वर्गात येत नाही. मास्तर आणि मुले बोलत राहतात, आणि ती तिकडे गात राहते.

"नाही आली," मी म्हणालो.

"मग मास्तरांनी जावं की तिच्याकडे," आई म्हणाली आणि ताकाची वाटी तोंडाला लावली.

भाऊबीज झाली की जाणार आहे. कन्याही येते म्हणते. तिला ते सगळे तिच्या फोनमध्ये भरून घ्यायचे आहे. फराळाचा डबा सौ.ने भरून ठेवायचे कबूल केले आहे. मी फक्त खिशातले तांबडे पेन तेवढे घरी ठेवायचे लक्षात ठेवले, म्हणजे झाले!